पानावर लिहिण्याच्या तीन वाटा

‘डॉक्युमेंट.राइट’ ही आज्ञा जावास्क्रिप्टइतकीच जुनी. नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये अवघ्या दहा दिवसांत या भाषेचा पहिला नमुना उभा केला आणि पुढच्या वर्षी नॅव्हिगेटर २.० सोबत ती सर्वांच्या हाती पडली. ब्राउझर पान वरून खाली वाचत असतानाच, स्क्रिप्ट जिथे असेल तिथे ही आज्ञा मजकूर ओतते. पानावर आजची तारीख झळकवण्याची त्या काळची हौस तिच्यावरच भागे. पण पान पुरते उतरल्यावर ती चालवली, तर आधीचे सगळे पुसले जाते. नवशिक्यांची पहिली फजिती बहुधा इथेच होते.

मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ४ मध्ये ‘इनर-एचटीएमएल’ आणि ‘इनर-टेक्स्ट’ हे गुणधर्म आणले. आता उघड्या पानातला एखादाच परिच्छेद बदलता येऊ लागला. पहिल्याला दिलेले टॅग टॅग म्हणूनच वाचले जातात. दुसऱ्याला दिलेले ‘<’ हे चिन्ह साधे अक्षर म्हणून दिसते.

ऑक्टोबर १९९८ च्या डॉम (डॉक्युमेंट ऑब्जेक्ट मॉडेल) मानकाने तिसरी, शिस्तीची वाट आखली: घटक तयार करायचा, त्यात मजकूर घालायचा, मग तो पानाला जोडायचा. पद्धत निर्दोष, पण एक शब्द ठळक करायलाही चार ओळी! साहजिकच लोक इनर-एचटीएमएलला चिकटून राहिले. मानकात नसतानाही इतर ब्राउझरांना तो घ्यावा लागला. एचटीएमएल ५ च्या काळात त्याच्यावर अधिकृत शिक्का बसला. निव्वळ मजकुरासाठी मात्र २००४ च्या डॉम मानकाने ‘टेक्स्ट-कंटेंट’ दिला.

सोय महागही पडली. परक्याने लिहिलेला मजकूर न तपासता एचटीएमएल म्हणून ओतला, की त्यात दडवलेला कोडही चालू शकतो. इनर-एचटीएमएलमधून आलेला स्क्रिप्ट टॅग ब्राउझर चालवत नाही, हे खरे. पण चित्र उघडले नाही की चालणाऱ्या ‘ऑन-एरर’मधल्या कोडला कोण अडवणार? या घुसखोरीला २००० साली ‘क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग’ हे नाव मिळाले. २०१३ मध्ये खुल्या झालेल्या जावास्क्रिप्ट लायब्ररी रिअ‍ॅक्टने तर या सोयीचे नावच ‘डेंजरसली-सेट-इनर-एचटीएमएल’ ठेवले. टंकतानाच धोका आठवावा, असे.

आणि डॉक्युमेंट.राइट? २०१६ मध्ये क्रोमने टूजीसारख्या संथ जोडणीवर, परक्या सर्व्हरवरच्या स्क्रिप्ट तिच्यामार्फत पानात आणायला अटकाव सुरू केला. मानकात ती आजही आहे, वापरू नका अशा सूचनेसह.