संरोधाचे कुळ कुलाब्याचे

घरच्या ध्वनिक्षेपकाच्या पाठीवर छापलेला ‘८ ओहम’ हा आकडा कोणाच्या दप्तरातून आला, याचा माग काढीत निघालेला मी अखेर कुलाब्यास येऊन पोहोचलो. आर्थर केनेली या विद्युत्‌शास्त्रज्ञाचा जन्म १८६१ साली मुंबईत, कुलाब्यास झाला, एवढीशीच ती नोंद. परंतु तिने मला या विषयात पुरते गुंतविले.

पाठीवरचे ते ओहम ‘इम्पीडन्स’चे, म्हणजे आपल्या ‘संरोधा’चे माप, आणि हा शब्द ऑलिव्हर हेविसाइडने १८८६ साली योजिला. ज्या लॅटिन क्रियापदापासून तो निघाला, त्याचा मूळ अर्थ पाय अडकविणे असा असून त्यातील ‘पेद्’ आणि आपला ‘पद’ हे भाऊबंद होत. ‘संरोध’ मात्र ‘रुध्’ धातूपासून, म्हणजे कोंडण्यापासून, आला. मला लॅटिन शब्दच अधिक मार्मिक वाटतो. कारण कोंडलेला मनुष्य हलतच नाही, पायात बेडी असलेला चालतो, पण मागे पडत चालतो, आणि विद्युत्‌दाबाच्या मागे प्रवाह जितका रेंगाळतो, त्याच्याच मापास कलाकोन म्हणतात. यावर कोणी म्हणेल की, हेविसाइडने इंग्रजीतले रोजचे क्रियापद उचलले, पाय त्याच्या ध्यानीमनीही नव्हता, आणि त्याचा संरोध केवळ परिमाण सांगत होता, कोन नव्हे. आक्षेप रास्त आहे. शिवाय धारित्राच्या परिपथात प्रवाह दाबाच्या पुढेही धावतो आणि तेथे बेडीचा दृष्टांत लंगडा पडतो, हेही मला कबूल आहे. परंतु परिमाण आणि कोन एकाच संमिश्र संख्येत नांदू लागले, ते केनेलीच्या एप्रिल १८९३ मधील निबंधात.

याचे श्रेय विद्युत्‌अभियंता स्टाइनमेट्‌झला देण्याचा प्रघात आहे, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शिकागोच्या परिषदेत त्याने ती पद्धती विस्ताराने मांडली हे खरे. पण त्याची दृष्टी वीजयंत्रांकडे होती. हेविसाइड आणि केनेली या दोघांची उमेदवारी तारायंत्राच्या नोकरीत झालेली, म्हणून ध्वनिक्षेपकाच्या संरोधाचे कुळ तारेच्या कचेरीतले, असे माझे ठाम मत आहे. त्याला दाखला १९१२ चा. केनेली व जॉर्ज पियर्स यांनी टेलिफोनच्या श्रवणिकेतला पडदा एकदा घट्ट धरून आणि एकदा मोकळा सोडून संरोध मोजला, तेव्हा दोहोंतील फरकाने आलेखावर वर्तुळ रेखाटले. हलणारा पडदा स्वतःच उलट दाब निर्माण करतो, हे त्यातून मोजमापात उतरले.

राइस व केलॉग यांचा १९२५ चा हलत्या वेटोळ्याचा ध्वनिक्षेपक त्याच न्यायाने वागतो. त्यातल्या हलत्या शंकूच्या स्वाभाविक कंपनाशी ८ ओहमचे ३० वा अधिक होतात आणि कोन शून्यावर येतो. त्या कंपनाच्या खालच्या स्वरांत प्रवाह मागे, लगतच्या वरच्या स्वरांत पुढे. जेथे संरोध थोडा आणि कोन मोठा, तेथे प्रवाहाची भरती दाबाच्या ओहोटीत येते, उरलेला दाब ॲम्प्लिफायरच्या ट्रान्झिस्टरांवर पडतो, आणि ते तापतात. म्हणून वाचकहो, खरेदीच्या वेळी पाठीवरच्या आकड्यावर विसंबू नका. संरोधाचा आलेख मागा, आणि त्यातला सर्वांत खालचा बिंदू व तेथील कोन, ही दोन्ही एकत्र पाहा.