मधल्या मोकळ्या जागेचा इतिहास : महालक्ष्मीचे रेसकोर्स

मुंबईतील अश्वशर्यतींचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी भायखळ्याच्या मैदानावर झाला. महालक्ष्मीचे रेसकोर्स १८८३ मध्ये उभे राहिले. ज्या भूमीवर ते वसले, ती एकेकाळी भरतीच्या पाण्याखाली जाई. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हॉर्नबी वेलार्डच्या बांधाने वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधील खिंडार बुजविले, तेव्हा हा सखल प्रदेश नगराच्या हाती आला. समुद्राकडून मिळविलेली भूमी पुढे वासाहतिक अभिजनांच्या करमणुकीसाठी राखली गेली, हे लक्षणीय आहे. स्थळाच्या नावात देवीचे नाव आणि इंग्रजी सामान्यनाम शेजारी शेजारी नांदतात. लोकांनी त्या सामान्यनामाचे भाषांतर करण्याची गरज मानली नाही.

या स्थळाची रचना संहितेप्रमाणे वाचता येते. लंबवर्तुळाकार धावपट्टी, तिच्या एका बाजूस प्रेक्षागारे आणि मध्ये विस्तीर्ण हिरवळ अशी ती रचना आहे. प्रेक्षागारांची विभागणी सभासद, पहिला वर्ग व दुसरा वर्ग अशी असून ती समाजातील उतरंडीचेच प्रतिबिंब होय. परंतु मधली मोकळी जागा अधिक अर्थपूर्ण आहे. पलीकडच्या कठड्यालगत धावणारा घोडा प्रेक्षागारातून दिसावयाचा, तर दृष्टीच्या आड काहीही उभे राहता कामा नये. गिरण्या, चाळी आणि पुढे मनोरे यांनी वेढलेल्या नगरात ही भूमी रिकामी राहिली, त्यामागे खेळाची ही गरज होती. लोकहिताचा विचार नंतर आला. १९३५ मध्ये ‘रॉयल’ ही उपाधी लाभलेल्या वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबची प्रतिष्ठा आणि १९४३ पासून धावली जाणारी २४०० मीटरची इंडियन डर्बी यांनी या रिकामेपणास संरक्षण दिले. त्याचा लाभ मात्र शर्यतीशी संबंध नसलेल्यांनाही झाला. पहाटे व सायंकाळी फिरावयास येणाऱ्या नागरिकांनी हे मैदान आपलेसे केले.

विशेषाधिकाराने सार्वजनिक अवकाश राखला, हा या इतिहासातील विरोधाभास आहे. क्लबचा भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला आणि मालकीचा प्रश्न ऐरणीवर आला. २०२४ मध्ये राज्य शासनाने २११ एकरांपैकी १२० एकर भूमी सार्वजनिक उद्यानासाठी महानगरपालिकेकडे देण्याचा आणि उर्वरित ९१ एकरांचा भाडेपट्टा क्लबसाठी २०५३ पर्यंत वाढविण्याचा निर्णय घेतला. न्यायाच्या दृष्टीने हे पाऊल इष्टच म्हणावे लागेल. तथापि आजवर मधल्या जागेचे रक्षण प्रेक्षकाच्या नजरेने केले. उद्यानाच्या नावाखाली तेथे बांधकाम शिरू लागले, तर ते रोखणारी तितकीच दक्ष नजर नागरिकांपाशी असावी लागेल. भूमी लोकांच्या नावे झाली म्हणजे ती मोकळी राहीलच, अशी ग्वाही हा इतिहास देत नाही.