‘डू’ ह्या क्रियापदाची कुळकथा

सरकारी नोकरीत रुजू होताना संविधानावरील निष्ठेची शपथ आपण सर्वांनीच घेतली आहे. ज्यांनी ती इंग्रजीत घेतली त्यांना आठवत असेल की, कर्त्यानंतर आधी एक ‘डू’ येते आणि मग शपथ घेतल्याचे क्रियापद. उद्देशिकेतही तेच. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी आम्ही भारताच्या लोकांनी जे अंगीकारले, त्या अंगीकाराच्या क्रियापदापूर्वी एक ‘डू’ मानाने उभे आहे. वाक्य होकारार्थी आहे. त्यात प्रश्न नाही, नकार नाही, कोणी शंका काढली म्हणून ठासून सांगणेही नाही. आमच्या इंग्रजीच्या मास्तरांपुढे असे वाक्य आम्ही लिहून नेले असते, तर त्यांनी त्यातले ‘डू’ तांबड्या शाईने खोडले असते आणि वर छडीही दिली असती. मग ते संविधानात कसे? ह्या प्रश्नाने आम्हांस बरेच मागे नेले.

प्राचीन इंग्रजीत हे क्रियापद अगदी साधेसुधे होते. त्याचा अर्थ ‘करणे’ आणि ‘ठेवणे’. शिवाय, एकदा उच्चारलेले क्रियापद पुन्हा उच्चारावे लागू नये म्हणून त्याच्या जागी ते बदलीवर येई. ‘तो माझ्यापेक्षा चांगले गातो’ अशा वाक्याच्या शेपटाला ते आजही येते. पण प्रश्नाशी आणि नकाराशी त्याचा काही संबंध नव्हता. प्रश्न विचारावयाचा तर क्रियापद कर्त्यापूर्वी आणावे, म्हणजे झाले. नकाराची कथा ऑटो येस्पर्सन ह्या डॅनिश पंडिताने १९१७ साली सविस्तर सांगितली आहे. आरंभी क्रियापदापूर्वी एक इवलेसे ‘ने’ असे. ते ऐकू येईनासे झाले, तेव्हा आधाराला मागून ‘नॉट’ आले. मग ‘ने’ गळाले आणि ‘आय से नॉट’ एवढेच उरले. ह्या रचनेत काही उणे होते असे त्या काळच्या कोणाला वाटले नसावे.

‘डू’ पोकळ कसे झाले, हा ह्या कथेतला खरा रस. आल्वार एल्लेगोर्ड ह्या स्वीडिश अभ्यासकाने १९५३ साली ह्या एकाच सहायक क्रियापदावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे मत समजावयास इंग्रजी वाचकापेक्षा मराठी वाचकाला सोपे आहे. शिवाजी महाराजांनी रायगड बांधला, असे आपण म्हणतो. महाराजांच्या हाती थापी नव्हती. काम उभे केले हिरोजी इंदुलकराने, आणि दगड घडविले पाथरवटांनी. काटेकोर बोलावयाचे तर महाराजांनी तो ‘बांधविला’. पण ‘बांधला’ म्हटल्यानेही कोणाचा गैरसमज होत नाही. मध्ययुगीन इंग्रजीत ‘करविणे’ हा अर्थ दाखविण्यासाठी ‘डू’ वापरीत. राजाने ‘डिड’ किल्ला बांधणे, म्हणजे बांधविला. आता ऐकणाऱ्याने ह्या ‘डिड’चा अर्थ ‘करविले’ असा घेतला काय किंवा काहीच घेतला नाही काय, किल्ला राजाचाच राहतो. अशा दुहेरी वाक्यांतून प्रयोजकाचा अर्थ हळूहळू झिरपून गेला आणि नुसते ‘डिड’ मागे राहिले. तेराव्या शतकात इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातील पद्यात हे रिकामे ‘डू’ प्रथम ठळकपणे दिसते. कवींना ते सोयीचे पडले असले पाहिजे, कारण काळाचे ओझे ‘डिड’वर टाकले की मूळ क्रियापद मोकळे होऊन ओळीच्या शेवटी यमकाला जाऊन बसते. यमकासाठी कवी काय काय करतात, हे आपणांस मोरोपंतांमुळे ठाऊक आहेच.

वेल्श आणि कॉर्निश भाषांतही ‘करणे’ असेच सहायक म्हणून येते, तेव्हा इंग्रजीने ही लकब शेजाऱ्यांकडून उचलली, असेही काही विद्वान म्हणतात. कल्पना मोहक आहे. पण ब्रिटनमध्ये हे शेजार इतके जुने असता ही लकब लिखाणात एवढ्या उशिरा का दिसावी, ह्याचे समाधानकारक उत्तर आम्हांस तरी सापडले नाही.

सोळाव्या शतकात ह्या क्रियापदाला भरते आले. एल्लेगोर्डने जुन्या गद्यातील वाक्ये मोजली आहेत. शतकाच्या तिसऱ्या चरणात साध्या होकारार्थी वाक्यांतही शेकडा नऊ-दहाच्या घरात ‘डू’ आढळते. त्यानंतर तेथे ओहोटी लागली. प्रश्नात आणि नकारात मात्र ते चढतच गेले. शेक्सपिअर नेमका ह्या संधिकाळातला. ‘हॅम्लेट’ ह्या एकाच नाटकात ‘आय नो नॉट’ आणि ‘आय डू नॉट नो’ ही दोन्ही रूपे सुखाने नांदतात. १६११ च्या बायबलात आदाम आणि हव्वा फळ खातात तेही ‘डिड’ लावून. त्यात ठासून सांगण्याचा अभिनिवेश नाही. तो त्या काळचा नुसता रिवाज होता.

प्रश्नातच ते का टिकले? क्रियापद कर्त्यापूर्वी नेले की ते कर्मापासून तुटते. ‘कॅन’, ‘मे’, ‘शॅल’ असलेल्या वाक्यांत ही अडचण नव्हती. सहायक पुढे जाई, आणि कर्ता, क्रियापद, कर्म हा क्रम मागे अभंग राही. ज्या वाक्याला असा पुढे धाडावयास कोणी नव्हता, त्याला ‘डू’ मिळाले. स्वतःचे काही न सांगणारा चाकर अशा कामाला उत्तम! पुढे चाकर आणि धनी एकाच वाक्यात येऊ लागले. ‘व्हॉट डू यू डू’ ह्यातले पहिले ‘डू’ निव्वळ हुद्द्याचे, दुसरे कामाचे.

व्याकरणकार नेहमीप्रमाणे उशिरा पोहोचले. पोपने १७११ साली पद्यातल्या ह्या भरताडाची थट्टा केली, तीही अशा ओळीत की जिच्यात तेच भरताड मुद्दाम घातलेले आहे. डॉक्टर जॉन्सनने १७५५ च्या कोशाला जोडलेल्या व्याकरणात होकारार्थी ‘डू’ला सदोष ठरविले. १७६२ साली बिशप लौथने प्रश्नात आणि नकारात ते जवळजवळ आवश्यक मानले. हे ‘जवळजवळ’ आम्हांस फार आवडते. शाळेत जो नियम आम्ही अनादि म्हणून पाठ केला, तो तेव्हाही पुरता मिटलेला नव्हता. कायद्याची भाषा मात्र ह्या वादाकडे फिरकलीच नाही. दस्तऐवजांत आणि प्रतिज्ञांत ते जुने ‘डू’ तसेच राहिले, आणि तेथून आपल्या संविधानात आले.

छडी मिळण्याचे दुसरे हमखास कारण म्हणजे ‘डिड वेन्ट’. भूतकाळ दोनदा का लावायचा नाही, हे मास्तरांनी कधी सांगितले नाही. उत्तर कचेरीतल्या मराठीत पडलेले होते. ‘मंजूर केले’, ‘दाखल केले’, ‘रद्द केले’ ह्यांत काळ फक्त ‘करणे’ वाहते. ‘मंजूर’ला कोणी प्रत्यय लावीत नाही. फारसी गेली, इंग्रजी आली, तरी ‘फॉरवर्ड केले’, ‘सँक्शन केले’ असे तेच क्रियापद परक्या शब्दांची ओझी वाहत राहिले. मात्र आपले ‘करणे’ अजून पुरते पोकळ झालेले नाही. मंजूर करणे आणि मंजूर होणे ह्यांत अर्ज करणाराच्या दृष्टीने केवढे अंतर आहे!

ही कथा अद्याप संपलेली नाही. ‘बी’ क्रियापदाने प्रश्नात ‘डू’ला कधी दारात उभे केले नाही, ‘हॅव’ मात्र आता डळमळले आहे. जुन्या वळणाचे अधिकारी ‘हॅव यू एनी ऑब्जेक्शन’ असे लिहीत. नव्या भरतीचे तरुण अमेरिकन धाटणीने ‘डू यू हॅव’ लिहितात. दोन्ही टिपणे आमच्या टेबलावर येतात, आणि आम्ही कोणत्याच रूपावर तांबडी शाई चालवीत नाही.