आयजीएमपी स्नूपिंग

नेटवर्क स्विचवर येणारी मल्टिकास्ट वाहतूक ज्या पोर्टांवर तिची मागणी आहे तेवढ्यांनाच पोचवण्याची पद्धत. संगणक आणि राउटर यांच्यात गटाच्या सभासदत्वाविषयी जे आयजीएमपी संदेश जातात-येतात, ते स्विच मधल्या मध्ये वाचतो आणि कोणत्या पोर्टवर कोणत्या गटाचा सभासद आहे याची नोंद ठेवतो.

स्विच आपला पत्त्यांचा तक्ता फ्रेम पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून भरतो. मल्टिकास्ट पत्ता पाठवणाऱ्याचा कधीच नसतो. म्हणून तो तक्त्यात येत नाही आणि अशी फ्रेम व्हीलॅनमधल्या सगळ्या पोर्टांवर सोडली जाते. प्रत्येकी ४ मेगाबिटचे ४० कॅमेरे मल्टिकास्टने चित्र पाठवू लागले, की सेकंदाला १६० मेगाबिट झाले. १०० मेगाबिटच्या पोर्टवरचा प्रिंटर, ज्याचा त्या चित्रांशी काडीचा संबंध नाही, तोही त्याखाली गुदमरतो.

आयपी मल्टिकास्टची मांडणी स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीव्ह डीअरिंग यांनी केली. १९८९ च्या आरएफसी १११२ मधील आयजीएमपीत गट सोडल्याचे कळवण्याची सोय नव्हती. ती १९९७ च्या दुसऱ्या आवृत्तीत आली. २००२ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून ठरावीक प्रेषकाचाच प्रवाह मागता येतो. स्नूपिंग मात्र उत्पादकांनी आपापल्या परीने बसवले आणि २००६ च्या आरएफसी ४५४१ मध्येही त्याविषयी शिफारशीच आहेत. दोन कंपन्यांचे स्विच एकमेकांना जोडताना चाचणी टाळू नये, ती यासाठीच.

या व्यवस्थेचा सगळा भार क्वेरिअरवर असतो. ‘कोणाला कोणता गट हवा?’ हा प्रश्न तो दर १२५ सेकंदांनी विचारतो आणि सभासद १० सेकंदांत उत्तर देतात. दोन फेऱ्या आणि वर उत्तराची मुदत, म्हणजे २६० सेकंद उत्तर आले नाही, की नोंद पुसली जाते. सहसा हे काम मल्टिकास्ट राउटर करतो. राउटर नसलेल्या व्हीलॅनमध्ये नुसते स्नूपिंग चालू केले, तर चित्र व्यवस्थित सुरू होते आणि सुमारे सव्वाचार मिनिटांनी थांबते. मग केबल बदलली जाते, कॅमेरा बदलला जातो. दोष दोन्हींत नसतो. एखाद्या स्विचलाच क्वेरिअर केले, की प्रश्न सुटतो. क्वेरिअर नसताना स्नूपिंग चालू ठेवण्यापेक्षा ते बंद असलेले बरे. एकाहून अधिक क्वेरिअर असल्यास सर्वांत लहान आयपी पत्त्याचा क्वेरिअर काम पाहतो.

गट सोडल्याचा संदेश येताच पोर्ट तोडण्याची ‘फास्ट लीव्ह’ सोय एका पोर्टवर एकच ग्राहक असेल तेथेच वापरावी. पोर्टखाली दुसरा छोटा स्विच असेल, तर एकाने गट सोडताच शेजाऱ्याचाही प्रवाह तुटतो.

गटाचा पत्ता निवडतानाही जपावे लागते. आयपी गटाच्या पत्त्यातील शेवटचे २३ बिटच मॅक पत्त्यात उतरतात, त्यामुळे ३२ गटांना एकच मॅक पत्ता मिळतो. २३९.१२८.०.१ चा मॅक पत्ता २२४.०.०.१ चाच आहे. २२४.०.०.० ते २२४.०.०.२५५ हा पट्टा नेटवर्कच्या अंतर्गत कामासाठी राखीव असून स्विचने तो सर्व पोर्टांवर सोडायचा असतो. मॅक पत्त्यावरून निवड करणारा स्विच मग पहिल्या गटाचा प्रवाहही सगळीकडे सोडतो.

आयपीव्ही६ मध्ये हेच काम एमएलडी स्नूपिंग करते. तेथे शेजारच्या यंत्राचा मॅक पत्ता शोधणेही मल्टिकास्टवर चालते. त्यामुळे ते चुकीचे बसले, तर व्हिडिओच नव्हे, साधा संपर्कही तुटतो.