तंबूतल्या मशीनचा आरसा
पाचोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावाला पक्कं थिएटर परवडे. भोवतालच्या खेड्यांसाठी सिनेमा म्हणजे जत्रेतला तंबू. त्या टूरिंग टॉकीजच्या आठवणींत नट येतात, गाणी येतात, आरसा येत नाही, हा अन्यायच. आरसा का लागला, ते कळायला थोडं मागे जाऊ. १८९२ साली कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’ हा मॅजिक लँटर्नचा खेळ दाखवला, तेव्हा काचेवरची चित्रं मोठी होती. सिनेमाच्या फिल्मची चौकट मात्र नखाएवढी, म्हणून तिच्यावर प्रकाश एकवटावा लागे. कार्बन-आर्कच्या, म्हणजे दोन कार्बन काड्यांमधल्या विजेच्या ज्योतीवर चालणाऱ्या, मशीनमध्ये धन काडीचं तापलेलं तोंड फिल्मकडे नव्हे, मागच्या अंतर्गोल आरशाकडे असे. लंबवर्तुळी आरशाला दोन नाभी: एकीत आर्क, दुसरीजवळ फिल्म. काड्या जळून आखूड होत, आर्क सरके आणि पडद्याचा कोपरा काळवंडे. ऑपरेटरचा हात सारखा काड्यांच्या मुठीवर. कुणी म्हणेल, भिंगच वाईट असेल तर आरसा काय करणार? खरंय, पण एकदा जुळवलेलं भिंग बहुधा रीळभर तसंच राही, आर्क आणि आरशातलं अंतर मात्र जळत्या काड्यांबरोबर बिघडत जाई. कौशल्य तिथेच लागे. टूरिंग टॉकीजवरच्याच २०१६च्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात महाराष्ट्रातला एक दुरुस्ती-कारागीर स्वतः बनवलेला प्रोजेक्टर दाखवतो. हा माहितीपट जरूर पाहावा.