सेंदाईची धूळ

आमच्या लहानपणी बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असे. डांबरी सडकेवरून गाडी गेली की धावेचा चरा उमटायचा. गाडीवान आपला पुढे निघून जाई, चरा मागे राही.

हे आठवलं ते भाचीच्या फोनमुळे. ती जपानात साप्पोरोला असते. म्हणाली, "मामा, इथे हिवाळ्यात चौकाचौकांत वाळूच्या पिशव्यांची पेटी असते. कुणीही घ्यावी आणि पायापुढे टाकावी." मी आपला सवयीने 'का?' विचारलं, आणि मग वाचत गेलो.

बर्फावर गाडी घसरू नये म्हणून टायरच्या रबरात धातूच्या बारीक खुंट्या बसवायची युक्ती निघाली. स्पाइक टायर. १९७०च्या दशकात उत्तर जपानात ते सर्रास झाले. साखळीपेक्षा सोयीचे, साखळी थंडीत वाकून घालावी-काढावी लागते, खुंट्या एकदा बसवल्या की वसंतापर्यंत निश्चिंती. पण गोम तिथेच होती. सेंदाई शहरात बर्फ पडतो, पण फार दिवस टिकत नाही. मग त्याच खुंट्या कोरड्या डांबरावर खरखरत फिरायच्या, खडीसकट रस्ता खरवडायच्या. 'झाडांचं शहर' म्हणून मिरवणारं हे गाव १९८०च्या सुमारास हिवाळाभर धुळीत बुडे. लोक तोंडाला मास्क लावून फिरत. त्या धुळीला तिथे नावच पडलं होतं, 'शाफुन', म्हणजे गाडीपूड!

मियागी प्रांताने १९८५ साली आपला नियम केला. १९८८ मध्ये टायर कंपन्यांनी तडजोडीत उत्पादन थांबवायचं कबूल केलं आणि १९९० मध्ये देशाचा कायदा झाला. एप्रिल १९९२ पासून दंड, एक लाख येनपर्यंत. रुग्णवाहिका, अग्निशमन यांना सूट. कायद्याची भाषा मात्र मोठी मासलेवाईक आहे हं. नेमून दिलेल्या भागात, रस्त्याच्या ज्या तुकड्यावर बर्फ वा गोठण नाही, तेवढ्यावरच बंदी! पण घरापासून कचेरीपर्यंत उघडं डांबर लागणारच नाही, याची हमी कोण देणार? त्यामुळे टायर गेलेच. साखळीला हात लावला नाही, ती काढता येते.

सेंदाईची हवा निवळली. कायदा योग्यच होता, असं माझं मत. फक्त साप्पोरोसारख्या, बर्फ साचून राहणाऱ्या शहरात निराळंच झालं. खुंट्या बर्फ ओरखडून खडबडीत ठेवत. नवे, खुंट्यांविना टायर चौकात थांबता-सुटताना तोच बर्फ घासून आरशासारखा करू लागले. गाडीतल्याला निदान पट्टा असतो. पायी चालणारे पडू लागले, हाडं मोडू लागली. माझ्या वयाच्या माणसाला हे वाचताना गुडघ्यात कळ येते.

भाची सांगते, तिच्या घरासमोर एक आजीबाई रोज सकाळी पेटीतली पिशवी काढतात, तोंड फाडतात आणि पेरणी करावी तशी वाळू पुढे टाकत, एकेक पाऊल, सिग्नल बदलायच्या आत पलीकडे पोचतात.