जुन्या फोनवर नवं अँड्रॉइड : कस्टम रॉम टाकण्याआधी काय बघायचं

रेडमी नोट ४ भारतात आला जानेवारी २०१७ मध्ये. ४१०० एमएएचची बॅटरी, स्नॅपड्रॅगन ६२५ प्रोसेसर आणि परवडणारी किंमत. आजही कित्येक घरांत तो कपाटात पडून आहे. चालू होतो, चार्ज होतो, आवाजही खणखणीत. पण कंपनीनं तो अँड्रॉइड ७ वर आणून सोडला, त्यापुढे नाही. म्हणजे यंत्र शाबूत आहे, आतली प्रणाली म्हातारी झाली आहे. अशा फोनवर सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं थांबतं आणि एकेक अॅप त्याला सोडून जातं. व्हॉट्सअॅपनं १ जानेवारी २०२५ पासून अँड्रॉइड ५ च्या खालचे फोन सोडलेच आहेत.

यावरचा उपाय म्हणजे कस्टम रॉम. अँड्रॉइडचा मूळ कोड खुला आहे, आणि त्याच्या तळाशी असलेल्या लिनक्स कर्नलच्या परवान्यामुळे फोन विकणाऱ्या कंपनीला आपल्या कर्नलचा कोड द्यावा लागतो. तो घेऊन हौशी लोक नवं अँड्रॉइड जुन्या फोनसाठी बांधतात. यातलं सर्वात मोठं नाव सायनोजेनमॉड होतं. ते डिसेंबर २०१६ मध्ये बंद पडलं आणि त्याच कोडमधून लाईनेजओएस उभं राहिलं. या हौसेची कमाल बघायची तर एचटीसीचा एचडी२ आठवावा. २००९ चा हा फोन विंडोज मोबाईलवर आला होता, तरी लोकांनी त्याच्यावर अँड्रॉइड चालवून दाखवलं!

पहिली गोष्ट, मॉडेलचं सांकेतिक नाव पक्कं करा. रेडमी नोट ४ या एकाच नावाचे दोन फोन आहेत. स्नॅपड्रॅगनवाला भारतातला 'मिडो', आणि मीडियाटेक प्रोसेसरचा, चीनमध्ये आधी आलेला 'निकेल'. एकाची फाईल दुसऱ्यावर टाकली तर फोनची वीट होते. खोक्यावरच्या नावावर जाऊ नका. दुसरं, बॅटरी फुगलेली असेल, मागचं झाकण उचललं गेलं असेल, तर तो फोन चार्जिंगलाच लावू नका. आधी बॅटरी बदला, रॉमचं नंतर बघू.

आता प्रत्यक्ष काम. फोटो, नंबर, व्हॉट्सअॅपचा बॅकअप आधी बाहेर काढा, कारण बूटलोडर अनलॉक करताना फोन पूर्ण पुसला जातो. सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर (शाओमीत मीयूआय व्हर्जनवर) सात वेळा बोट मारलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. तिथून ओईएम अनलॉकिंग चालू करायचं. शाओमीच्या फोनला वर मी अकाउंट जोडून कंपनीच्या टूलनं अनलॉक मागावं लागतं. टूल बहुतेक वेळा काही दिवस थांबायला सांगतं. तेवढं थांबायचं, घाई करून काही साधत नाही.

अनलॉक झालं की फोन फास्टबूटमध्ये नेऊन (आवाज कमी करायचं बटण आणि पॉवर एकत्र) संगणकावरून टीडब्ल्यूआरपीसारखी रिकव्हरी टाकतात. इथं एक काम बहुतेक जण विसरतात: रिकव्हरीतून ईएफएस भागाचा बॅकअप. नेटवर्क आणि आयएमईआयची माहिती त्यात असते. ती गेली तर फोन चालतो पण सिम लागत नाही, आणि गल्लीतला दुकानदारसुद्धा हात वर करतो. हा बॅकअप संगणकावर काढून ठेवा. मग जुनी प्रणाली पुसायची, रॉमची झिप टाकायची. प्ले स्टोअर हवं असेल तर गूगल अॅप्सची वेगळी झिप त्याच बैठकीत, फोन पहिल्यांदा सुरू करण्याच्या आधी. ती अँड्रॉइडच्या त्याच आवृत्तीची हवी. पहिल्यांदा सुरू व्हायला बराच वेळ लागतो, घाबरून पॉवर बटण दाबत बसू नका.

सर्वात मोठी अडचण पैशाच्या अॅप्सची. बूटलोडर उघडा असलेला फोन गूगलच्या तपासणीत सहसा नापास होतो, आणि मग बँकेचं किंवा यूपीआयचं अॅप चालेलच याची खात्री नाही. हेच मुख्य काम असेल तर या वाटेला जाऊ नये असं आमचं स्पष्ट मत. जिओचं सिम घालणाऱ्यांनी व्होल्टी बघून घ्यावं. जिओला टूजी-थ्रीजी नाहीच, त्यामुळे त्या रॉममध्ये व्होल्टी चालत नसेल तर नेट येईल पण साधा कॉल लागणार नाही.

मग उपयोग कशाला? मुलांच्या अभ्यासाला, भजनं-गाणी ऐकायला, आजीच्या व्हिडिओ कॉलला. भाषेची सोय हा आपल्याकडच्या घरांसाठी वेगळाच फायदा. अँड्रॉइड ५ मध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही मेनूत आल्या, ७ पासून भाषांची क्रमवार यादी लावता येते, आणि १३ पासून ज्या अॅपमध्ये सोय दिली आहे त्याची भाषा वेगळी ठेवता येते. बेळगावातल्या घरात फोन मराठीत आणि एखादं अॅप कन्नडमध्ये, असं खुशाल करता येतं.

रॉम मानवला नाही तर कंपनीची मूळ फास्टबूट फाईल टाकून मागे येता येतं. मात्र शाओमीच्या फ्लॅश टूलमध्ये खाली 'क्लीन ऑल अँड लॉक' निवडलेलं असेल तर ते बदलून 'क्लीन ऑल' करा. नाहीतर कुलूप परत लागतं आणि अनलॉकचं सगळं पहिल्यापासून.